पळणं थांबलंय, मग जेवण किती कमी करायचं?

नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने पडलेली बारीक चीर) आहे, सहा आठवडे पळायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं की लांब पल्ल्याच्या धावपटूला हाडाआधी वजनाची काळजी लागते. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळणारं शरीर अचानक बसून राहणार, अंगावर चरबी चढणार, आणि परत येईपर्यंत सगळी मेहनत पाण्यात जाणार, असं वाटतं. ही भीती अगदी स्वाभाविक आहे. पण तिच्यापायी पहिल्याच दिवशी जेवण निम्म्यावर आणलं जातं, आणि त्याने सहाचे आठ-दहा आठवडे होऊ शकतात.

या काळात शरीराची दोन कामं वेगवेगळी धरावी लागतात. पळण्याचं काम बंद झालंय. हाड, स्नायू, कंडरा जे काही दुखावलंय ते सांधण्याचं काम मात्र आत्ताच जोरात सुरू झालंय. ताटातून काढायचं ते पहिल्या कामाचं इंधन. दुसऱ्या कामाला लागणाऱ्या अन्नाला हात लावायचा नाही. हे दोन आकडे कसे वेगळे काढायचे, हाच या लेखाचा मुख्य भाग आहे. धावपटूंच्या उदाहरणावरून सांगितलं असलं, तरी सायकलस्वार, पोहणारे, ट्रायथलॉन करणारे यांनाही तेच लागू पडतं.

पहिल्या दहा दिवसांत काटा का चढतो

आधी वजनकाट्याचं पाहू, कारण घाईचे निर्णय त्याच्यावर उभं राहूनच घेतले जातात.

स्नायूंमध्ये आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. सरावातल्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. रोज पळणाऱ्याची ही टाकी कधीच पूर्ण भरलेली नसते, सकाळी भरली की संध्याकाळच्या पळण्यात उतरते. पळणं थांबलं आणि जेवण तसंच राहिलं की तीन-चार दिवसांत टाकी काठोकाठ भरते. २५० ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं तर पाण्यासकट १ किलो वजन वाढलं. शर्यतीच्या आधी टेपर करताना, म्हणजे सराव मुद्दाम कमी करताना, जे होतं तेच हे. तेव्हा कुणी घाबरत नाही, दुखापतीत मात्र घाबरतात.

शिवाय दुखावलेल्या भागाला सूज असते. शस्त्रक्रिया झाली असेल तर सलाइनचं पाणी असतं, आणि वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी पोट साफ होत नाही, ते वजनही काट्यावर दिसतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या पाणी धरतात आणि भूकही वाढवतात. पहिल्या दहा दिवसांत दीड-दोन किलो वाढ दिसली तर तिच्यात चरबी फार थोडी असते. १ किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे दोन किलोला १५,४००. दहा दिवसांत तेवढं खायचं तर गरजेपेक्षा रोज दीड हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात.

त्यानंतर काटा उलट दिशेने फसवतो. सराव बंद झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो. जिना चढताना नाडी नेहमीपेक्षा जास्त पळते ती बरीचशी यामुळेच. जखडलेल्या पायाचा स्नायू वितळत असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा जागेवर थांबलेला दिसतो, आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात स्नायू उतरलेला आणि चरबी चढलेली असू शकते, बेरीज तेवढीच. म्हणून एकट्या काट्यावर भिस्त ठेवू नये. दुसरं माप कोणतं घ्यायचं ते पुढे येईलच.

पळण्याचं इंधन म्हणजे नेमकं किती

सपाट रस्त्यावर पळताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला, सुमारे १ कॅलरी खर्च होते. वेगाने यात फारसा फरक पडत नाही. ६५ किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला तर ६५० कॅलरी. सायकलवर पॉवर मीटर (पेडल मारण्याची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर हिशोब आणखी सोपा आहे. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे मीटरने दाखवलेले किलोज्यूल आणि शरीराने जाळलेल्या कॅलरी जवळपास सारख्याच निघतात. स्पोर्ट्स वॉचमधला कॅलरींचा आकडा वापरायचा असेल तर एक लक्षात ठेवा. बऱ्याच घड्याळांचा आकडा त्या तासात बसून राहिला असता तरी जळल्या असत्या त्या कॅलरीही धरतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. पुरुष, वय ३४, वजन ६५ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, आठवड्याला ७० किलोमीटर पळणं, बैठं काम.

झोपून राहिलं तरी लागणारी ऊर्जा काढायला मिफ्लिन-सेंट जॉर हे सूत्र चांगलं आहे. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. इथे ६५० अधिक १,०७५, वजा १७०, अधिक ५, म्हणजे १,५६०. हे सूत्र सर्वसाधारण माणसांवरून काढलेलं आहे. कमी चरबीच्या खेळाडूंच्या बाबतीत ते बहुधा थोडं कमी सांगतं, म्हणून १,६५० धरू.

दिवसभराचं उठणं-बसणं, चालणं, स्वयंपाकपाणी यासाठी १.४ ने गुणलं की २,३१०. पळण्याचे आठवड्याला ४,५५०, म्हणजे रोजचे सरासरी ६५०. सरावाच्या दिवसांत याला २,९६० कॅलरी लागत होत्या.

दुखापतीत पळणं शून्य आणि चालणंही कमी. १,६५० ला १.३ ने गुणू: २,१४५. कुबड्या असतील तर थोडी भर घालावी लागते, कारण कुबड्यांवर तेवढंच अंतर चालायला साध्या चालण्याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा जाते. एकूण २,२५० धरा.

फरक ७०० कॅलरींचा. काहीच न बदलता पूर्वीइतकंच खाल्लं तर सहा आठवड्यांत हिशोबाने पावणेचार-चार किलो चरबी वाढेल. म्हणजे कमी करणं गरजेचं आहे, यात वाद नाही. चूक होते ती ७०० च्या जागी १,५०० कमी करण्यात.

तळाची रेषा

जेवणातून आलेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा वजा केली की जी उरते तिच्यावर हृदय, मेंदू, संप्रेरकं, हाडं, रोगप्रतिकारशक्ती हे सगळं चालतं. चरबी सोडून शरीराचं जेवढं वजन आहे त्याच्या दर किलोमागे ही उरलेली ऊर्जा मोजतात. दर किलोमागे ४५ कॅलरींच्या आसपास असेल तर सगळं सुरळीत. ३० च्या खाली गेली की शरीर कपात सुरू करतं. ३० हा आकडा सगळ्यांना अगदी काटेकोर लागू पडत नाही, कुणाला त्याच्या वरही त्रास होतो, पण धोक्याचा खांब म्हणून तो उपयोगी आहे.

आपल्या उदाहरणातल्या माणसाची चरबी १४ टक्के धरली तर बाकीचं वजन ५६ किलो. २,२५० ला ५६ ने भागलं की ४०. ठीक आहे. घाबरून १,५०० वर आला तर २७. एक पाऊलही न पळता तो धोक्याच्या खांबाखाली गेला. आणि नवं हाड घालण्याच्या कामाला कात्री लवकर लागते. पाच दिवस ऊर्जा कमी ठेवली तरी हाडबांधणीच्या रक्तातल्या खुणा उतरलेल्या दिसल्या आहेत.

स्ट्रेस फ्रॅक्चर झालेल्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचं हाड मुळात कमी खाण्यामुळेच तर चिरलं नाही ना, हे आधी तपासा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट) असं नाव दिलं. खेळाच्या मानाने पोटात ऊर्जाच कमी जाते, आणि हळूहळू सगळ्या यंत्रणा मंदावतात. स्त्रियांमध्ये पाळी लांबणं किंवा सलग तीन महिने न येणं, पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणं आणि सकाळचा ताठरपणा नाहीसा होणं, दोघांमध्येही सतत थंडी वाजणं, वारंवार सर्दी-खोकला, वर्ष-दोन वर्षांत हाडाची दुसरी दुखापत, या त्याच्या खुणा. यातलं काही जुळत असेल तर वजन आटोक्यात ठेवण्याचा विषय बाजूला ठेवा. तुमचं जेवण ४५ च्या रेषेवर न्यायचं आहे. आपल्या उदाहरणात ते २,५२० कॅलरी होतं. म्हणजे पळणं बंद असताना सरावाच्या दिवसांपेक्षा जेमतेम साडेचारशेच कमी. अशा वेळी एक-दोन किलो वाढणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि खेळाडूंची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवणं टाळू नये.

ताटातून काय काढायचं

सगळं थोडंथोडं कमी करायचं, हा पहिला विचार येतो. तो चुकीचा आहे. कपात जवळजवळ सगळी कर्बोदकांतून करायची, चरबीला थोडीशीच कात्री लावायची, आणि प्रथिनं उलट वाढवायची.

आपल्या माणसाचं सरावातलं जेवण साधारण असं होतं: प्रथिनं १०५ ग्रॅम, चरबी ८० ग्रॅम, कर्बोदकं ४५५ ग्रॅम. आता प्रथिनं १३० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे २ ग्रॅम. चरबी ७० ग्रॅम. उरलेल्या १,१०० कॅलरी कर्बोदकांच्या, म्हणजे २७५ ग्रॅम. किलोमागे ७ ग्रॅमवरून ४ ग्रॅमच्या थोडं वर.

१८० ग्रॅम कर्बोदकं कमी करणं ऐकायला मोठं वाटतं. पण ती होती कुठे ते बघा. पळायच्या आधीचं केळं, २७ ग्रॅम. अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंक, ३०. पळून आल्यावरचं ३०० मिलिलिटर चॉकलेट दूध, ३३. मग ब्रेडच्या दोन स्लाइस आणि जॅम, ४०. रात्री भूक लागते म्हणून वाढून घेतलेला २०० ग्रॅम शिजलेला भात, ५६. एवढ्यातच १८६ झाले. हे सगळं पळण्याच्या अवतीभवतीचं खाणं आहे, मुख्य जेवणांना हात न लावता निघण्यासारखं. पळणं गेलं तरी ही सवय मात्र तशीच राहते, त्याच वेळी पाय आपोआप फ्रिजकडे वळतात. शनिवारी रात्री लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब पळण्याच्या, आधीचं भरपूर जेवण, रविवारी दुपारचं बक्षिसाचं जेवण, हीसुद्धा त्याच रांगेतली. एनर्जी जेल आणि पावडरींचे डबे या सहा आठवड्यांत नजरेआड ठेवा.

कर्बोदकं पूर्ण बंद करणं मात्र नको. किलोमागे ३ ग्रॅमच्या खाली गेलं की चिडचिड, झोपमोड आणि रात्रीची खाखा सुरू होते. शिवाय फिजिओने दिलेले व्यायाम नीट होत नाहीत, त्यांनाही इंधन लागतंच.

प्रथिनांचा हिशोब

पाय जखडून ठेवला की स्नायू किती वेगाने जातो याची कल्पना नसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवला होता. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ३.५ टक्क्यांनी कमी झालं, चौदा दिवसांत ८.४ टक्क्यांनी. ताकद त्याहून जास्त गेली, चौदा दिवसांत जवळपास २३ टक्के.

याचं कारण असं की न वापरलेला स्नायू अन्नातल्या प्रथिनांना नीट दाद देत नाही. सरावातला स्नायू २० ग्रॅम प्रथिनं मिळाली की बांधकामाला लागतो. बसून असलेल्याला त्याच कामासाठी जास्त मोठा घास लागतो. त्यात उपासमार झाली तर आणखी बिघडतं. दहा दिवस गरजेपेक्षा साधारण २० टक्के कमी खाल्ल्यावर स्नायूबांधणी जवळपास पाचव्या हिश्शाने मंदावल्याचं मोजलं गेलंय, आणि ती माणसं धडधाकट होती, जखडलेली नव्हती.

म्हणून दिवसाची प्रथिनं चार खाण्यांत सारखी वाटायची. आपल्या उदाहरणात प्रत्येक वेळी ३२-३३ ग्रॅम. बहुतेकांचं रात्रीचं जेवण प्रथिनांनी भरलेलं असतं आणि नाश्त्यात दहा ग्रॅमही नसतात, ते आधी दुरुस्त करा. नाश्त्याला तीन अंडी, २५० मिलिलिटर दूध आणि ब्रेडच्या दोन स्लाइस घेतल्या तर १८ अधिक ८ अधिक ६, म्हणजे ३२ ग्रॅम झाले. शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये सुमारे ३० ग्रॅम, तेवढ्याच शिजलेल्या मसुरात ९. नुसत्या डाळी-कडधान्यांवर ३२ ग्रॅम गाठायचे तर साडेतीनशे ग्रॅम शिजलेली डाळ खावी लागेल, तिच्याबरोबर बरीच कर्बोदकंही येतात. शाकाहारी खेळाडूंनी दूध, दही, चीज, सोया किंवा टोफू यांचा आधार घ्यावा, गरज पडली तर प्रथिनांची पावडर. एका मापात साधारण २०-२५ ग्रॅम येतात. चौथा वाटा झोपण्याआधी ठेवला तर रात्रीचे आठ तास स्नायू उपाशी राहत नाही. दूध किंवा दही त्यासाठी उत्तम, त्यातलं केसीन हे प्रथिन हळूहळू पचतं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

हाडाच्या दुखापतीत कॅल्शियम दिवसाला १,००० ते १,३०० मिलिग्रॅम पोटात जायला हवं. २५० मिलिलिटर दुधात सुमारे ३०० असतं. ड जीवनसत्त्व रक्ततपासणी करून बघावं आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावं. अंदाजाने मोठ्या मात्रा घेऊ नयेत.

दारूबद्दल एकच. ग्रॅमला ७ कॅलरी आहेतच, पण स्नायूबांधणीही ती दाबते. रिकाम्या संध्याकाळी तिचं प्रमाण नकळत वाढतं, म्हणून आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

भूक आपणहून कमी होत नाही

खर्च कमी झाला की भूकही तेवढीच कमी होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोषणशास्त्रज्ञ जीन मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ कामगारांचं खाणं आणि वजन मोजलं. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत, काम वाढत गेलं तसं खाणं वाढत होतं आणि वजन साधारण सारखंच होतं. पण अगदी बैठं काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा काटा ठिकाणावर राहत नाही.

यावर इच्छाशक्ती फार काळ पुरत नाही, रचना बदलावी लागते. घासांचं आकारमान तेवढंच ठेवून त्यातली ऊर्जा कमी करायची. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव प्रथिनांचा, पाव भात-बटाटा-ब्रेड यांचा. सरावातल्या ताटात हेच प्रमाण बरोबर उलटं असायला हवं होतं, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. प्रथिनं आणि भाजी आधी खा, भात शेवटी. फळ खा, रस पिऊ नका. जेवणाच्या वेळा घड्याळाने बांधा, कारण पळण्याने दिवसाला जो आकार दिला होता तो आता नाही, आणि सकाळी साडेपाचपासून मोकळा पडलेला दीड तास खाण्याने भरून निघतो. त्या वेळेत काहीतरी ठरवून ठेवा. फिजिओचे व्यायाम त्याच वेळेला लावले तर उत्तम.

झोप कमी झाली की भूक वाढते. दुखण्याने रात्री जाग येत असेल तर ते सोसत बसू नका, वेदनेचं औषध नीट मागून घ्या.

आजारपणात चित्र थोडं वेगळं असतं. तापात दर अंश सेल्सियसमागे शरीराची ऊर्जेची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि भूक मरते. तेव्हा कमी करण्याचा विचारही करायचा नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतही तसंच. अन्न जात नसेल तर दूध, दही, सूप अशा पातळ पदार्थांतून प्रथिनं द्या. हिशोबाचं जेवण त्यानंतर.

मोजायचं कसं

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच कपड्यांत. रोज करा किंवा आठवड्यातून तीनदा, पण एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीशी सरासरी ताडून पाहा. प्लास्टर किंवा पायाच्या आधाराचा बूट काढता येत नसेल तर त्याच्यासकट वजन करा आणि ते बदललं की नवी सुरुवात धरा. रोजचा आकडा पाहून दिवस खराब होत असेल तर सरळ काटा आत ठेवा, मोजपट्टीची (टेपची) मापंच पुरेत.

पट्टीची मापं दोन. एक कंबर, बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडल्यावर. दुसरं मांडी. जमिनीवर पाय लांब करून बसा, गुडघा सरळ, स्नायू सैल. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर पेनने खूण करा. पट्टी खुणेवरून फिरवा, कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपत. तीनदा मोजून मधला आकडा लिहा. दोन्ही पायांचं माप घ्या, दर आठवड्याला एकाच वाराला.

कंबर तीच आणि चांगल्या पायाची मांडी तीच, तर जेवण बरोबर चाललंय, काटा काहीही म्हणो. कंबर सलग तीन आठवडे वाढतेय, तर रोजचे १५०-२०० कमी करा, त्याहून जास्त नको. कंबर आणि चांगल्या पायाची मांडी दोन्ही उतरतायत, तर तुम्ही कमी खाताय. दुखऱ्या पायाची मांडी काही प्रमाणात उतरणारच, तिच्यावरून जेवण ठरवू नका.

हालचाल, पण दंड म्हणून नाही

डॉक्टर-फिजिओ परवानगी देतील तेवढं सगळं करा. चांगल्या पायाचा ताकदीचा व्यायाम थांबवू नका, एका पायाच्या व्यायामाने दुसऱ्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते. शरीराच्या वरच्या भागाची ताकद वाढवायला यापेक्षा चांगला काळ मिळत नाही. पाण्यात तरंगायचा पट्टा बांधून पळणं किंवा सायकल चालत असेल तर तिची ऊर्जा हिशोबात परत मिळवा. तासभर सायकल करून ५०० कॅलरी जाळल्या आणि जेवण २,२५० च ठेवलं, तर आपल्या उदाहरणातला माणूस किलोमागे ३१ वर, म्हणजे धोक्याच्या खांबाजवळ आला. दुखापतीत असं फार होतं. माणूस पळत नाही म्हणून कमी खातो, आणि अपराधी वाटतं म्हणून दिवसाला दोन तास पाण्यात घालवतो. जेवण चुकवण्यासाठी व्यायाम किंवा व्यायामासाठी जेवण चुकवणं सुरू झालं असेल, खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, तर ही गोष्ट लपवू नका. डॉक्टरांना, आहारतज्ज्ञाला, घरच्यांना सांगा.

परत पळायला लागल्यावर

तीन आठवड्यांच्या विश्रांतीत सरावातल्या खेळाडूची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण सात टक्क्यांनी घसरते, तीन महिन्यांत सोळा टक्क्यांच्या आसपास. परत आल्यावरचं जड वाटणं मुख्यतः तिथून येतं. त्याचं खापर वाढलेल्या दोन किलोंवर फुटतं आणि पहिल्याच आठवड्यात डाएट सुरू होतं. हाच सर्वांत वाईट मुहूर्त आहे. एक्स-रेच्या चित्रात भरलेलं दिसणारं हाड अजून पुढचे काही महिने स्वतःची फेररचना करत असतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, आणि त्या भाराला तोंड द्यायला हाडाला पुरेशी ऊर्जा हवी असते.

परतीचे पहिले चार ते सहा आठवडे तूट ठेवायची नाही. जेवढं पळाल तेवढं परत द्यायचं, तोच किलोमागे किलोमीटरला एका कॅलरीचा हिशोब. चालणं-पळणं मिळून ३ किलोमीटर झालं तर १९५ कॅलरी, म्हणजे एक केळं आणि एक ग्लास दूध भरपूर झालं. आठवड्याचं अंतर वाढेल तसा भात ताटात परत येऊ द्या, आणि दर लाँग रनला आधी-नंतरचं खाणं पहिल्या दिवसापासून ठेवा.

सहा आठवडे वेदनेशिवाय गेले आणि कंबर तरीही पूर्वीपेक्षा जास्त असेल, तर रोज २५० ते ३०० कॅलरींची तूट चालेल, तीही सोप्या दिवशी. लाँग रनच्या आणि वेगाच्या सरावाच्या दिवशी पूर्ण जेवण. रोज ३०० धरले तरी दोन किलो उतरायला सात-साडेसात आठवडे लागतात, तूट न ठेवलेले दिवस धरून दहा. तेवढे लागू द्या.

या काळातही मांडीची पट्टी चालू ठेवा. वजन अर्धा-पाऊण किलो वाढलंय, कंबर तीच आहे आणि दुखऱ्या पायाची मांडी चांगल्या पायाच्या जवळ येत चालली आहे, असं दिसलं तर वाढलेलं वजन गमावलेल्या स्नायूचं आहे. त्याला उतरवायला जाऊ नका.